सणाचा कोयता

सण नऊ दिवसांवर आला होता, आणि त्या सकाळी माझी भावजय पेलाजिया बागेतून ओरडली नाही. एरवी ती ओरडतेच. "वन्संऽ, पाणी तापलं का?" अशी हाक तिनं दिली की शेजारच्या नालोंगोची कोंबडी सैरावैरा पळतात. त्या दिवशी मात्र ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत आली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, जरा येता का? कोयता नका आणू."

कोयता नका आणू म्हटल्यावर मी हातातलं काम तसंच टाकून निघाले.

बागेच्या वरच्या अंगाला माझ्या भावानं, गेलासियोनं, दारूची केळी लावली आहेत. तिथं ती मला घेऊन गेली. जुलै महिना, सहा आठवडे पावसाचा टिपूस नाही, पायाखाली पाचोळा करकर वाजत होता. एका खुंटाचं केळफूल काळं पडून सुकलं होतं. घडातली दोन-तीन केळी वेळेआधीच पिवळी झाली होती. पेलाजियानं त्यातलं एक तोडून अंगठ्यानं मोडलं. आतला गर गंजलेल्या खिळ्यासारखा तांबूस होता.

"मर," मी म्हणाले.

"हळू बोला."

"किती खुंट?"

"तीन. सगळी बाग फिरून आले. बाकी चांगली दिसतायत."

दिसतायत. मर दिसते तेव्हा ती घरात येऊन जुनी झालेली असते, हे आम्हां दोघींनाही माहीत होतं. गेल्या वर्षी ती नदीपलीकडच्या गावात आली आणि बागाच्या बागा आडव्या झाल्या. ती माश्यांबरोबर येते, पण खरी फिरते ती कोयत्यावर. आजारी केळीचा चीक पात्याला लागतो आणि तोच कोयता चांगल्या केळीला लागला की काम झालं. म्हणून आमच्या गावानं कमिटी नेमली आणि नियम केला. एका खुंटावर मर दिसली तरी सगळी बाग तोडायची. आणि ज्याच्या घरी मर आहे त्यानं दुसऱ्याच्या बागेत हत्यार लावण्याआधी ते चारचौघांसमोर विस्तवात धरायचं. तेव्हापासून कुणी कोयता तापवताना दिसला की लोक त्याच्याकडे बघत नाहीत, त्याच्या बागेकडे बघतात.

आणि आमच्याकडे जेवण म्हणजे केळंच. भात खाल्ला, मका खाल्ला, तरी म्हातारी माणसं निजताना म्हणतात, आज उपाशीच झोपलो. ती बाग माझ्या आजोबांनी लावलेली. नवऱ्याचं घर सोडून मी परत आले तेव्हा भावानं मला विचारलं नाही का आलीस. बागेकडे बोट दाखवून म्हणाला, "खायला आहे." त्या बागेच्या जिवावर मी सतरा वर्षं त्या घरात मान वर करून जेवत होते.

"शाळेच्या सिस्टरला जाऊन सांगते मी," पेलाजिया म्हणाली. "आजारी आहे म्हणून सांगते. नालोंगोला द्या म्हणते यंदाचा मान."

मान म्हणजे काय, ते सांगायला हवं. टेकडीवर मुलींची शाळा आहे, संत अ‍ॅनाच्या नावाची. संत अ‍ॅना म्हणजे येशूच्या आईची, मारियेची आई. म्हणून तिच्या सणाला सगळा स्वयंपाक मुलींच्या आया करतात, आणि त्यातली एक सणाची आई ठरते. तिनं आपल्या घरचा कोयता न्यायचा आणि शाळेच्या बागेतला, पहिल्या सिस्टरांनी लावलेल्या ओळीतला, पहिला घड उतरवायचा. तो घड तिची लेक डोक्यावर घेऊन नाचत वेदीपर्यंत नेते. पेलाजियाची लेक नकिट्टो चौदा वर्षांची. ईस्टरपासून ती डोक्यावर वाळूची पाटी घेऊन नाचायचा सराव करत होती.

आणि शाळेची बाग तीनशे मुलींना रोज जेवू घालते.

"काय सांगशील?" मी म्हणाले. "आजारी? नालोंगो संध्याकाळी पपई घेऊन बघायला येईल. आल्यावर बागेत शिरेल. मग?"

"मग काय करायचं?"

"तीन खुंट खणून पुरायचे. कोयता घरीच विस्तवात धरायचा, कुणाच्या नजरेला पडणार नाही असा. तापवलेल्या कोयत्याला काय होतंय? शाळेच्या बागेला धोका नाही, आपल्या अब्रूला नाही."

पेलाजियानं मोडलेलं केळं टाचेनं मातीत दाबलं. हे सगळं मी बोलले, मी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं लोक तिच्याबद्दल बोलले, माझ्याबद्दल कुणी बोललं नाही.

गेलासियोला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ दारातल्या दगडावर बसून राहिला. मग उठला, कुदळ घेतली आणि तीन खुंट मुळासकट काढले. भर दुपारी, म्हणजे आजूबाजूचे जेवायला बसलेले असताना. खड्ड्यात टाकून वर माती लोटली, मातीवर घेवड्याची वाळकी वेल पसरली. काम करताना तो कण्हत होता. पन्नाशीचा माणूस, पाठ दुखते म्हणून कण्हतो असं मला आधी वाटलं.

सणाआधीचे नऊ दिवस संध्याकाळी शाळेच्या चर्चमध्ये नोव्हेनाची प्रार्थना असते. सणाची आई रोज पुढच्या बाकावर, मुख्य सिस्टरच्या शेजारी बसते. सिस्टर एर्मेलिंडा सत्तरीची, बुटकी, झग्याखाली गमबूट घालणारी. शाळेची बाग ती स्वतः राखते. कुठल्या खुंटाला बुडाशी किती मुनवे फुटलेत ते तिला पाठ असतं. पेलाजिया तिच्या शेजारी गुडघे टेकायची आणि मी मागून तिची मान बघत बसायची. तिसऱ्या दिवशी ती मान खाली झाली ती वर आलीच नाही. सिस्टरला वाटलं, बाई फार मनापासून प्रार्थना करते.

पाचव्या दिवशी नालोंगो आली. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण जुळ्यांची आई म्हणून सगळे तिला नालोंगोच म्हणतात. तिच्या जुळ्या मुली त्याच शाळेत. जुळ्या मुली, दोघी एकदम नाचतील, सणाला कसं शोभेल, म्हणून यंदाचा मान आपलाच, असं ती मार्चपासून सांगत फिरत होती. ती अंगणात गुडघे टेकून बसली आणि घर, माणसं, कोंबडी, शेळी, सगळ्यांची विचारपूस करून झाल्यावर म्हणाली, "मला जरा चार पानं हवी होती. माझ्याकडची फाटलीत वाऱ्यानं."

"मी आणून देते," पेलाजिया उठली.

"अगं बस, सणाची आई तू! मी घेते माझी मी." ती बागेत शिरलीसुद्धा.

मी तिच्या मागोमाग. नालोंगो खालच्या अंगाला गेली नाही, सरळ वर चालत सुटली. पानांकडे तिचं लक्षच नव्हतं. ताज्या मातीपाशी येऊन थांबली. घेवड्याची वेल पायानं जरा सरकवली.

"इथं काय पुरलंत?"

"डुक्कर मेलं," मी म्हणाले.

"तुमच्याकडे डुक्कर कधी होतं?"

"नव्हतंच ना. कुणाचं तरी येऊन मेलं. वास मारायला लागलं, मग पुरलं."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि श्वास लागला होता. चढ इतका नाही. मग ती एकदम हसली. "बरं बाई. कुणाकुणाची डुकरं कुठं कुठं जाऊन मरतात," म्हणाली आणि पानं न घेताच गेली.

त्या रात्री आम्ही कुणी नीट जेवलो नाही. कमिटीचा अध्यक्ष कावूमा उद्या येणार, परवा येणार, असं करत आम्ही दिवस मोजले. तो आला नाही. नालोंगोनं सांगितलं कसं नाही, याचंच मला नवल वाटत होतं. इतकी चांगली ती कधीपासून झाली?

सणाच्या दिवशी उजाडताना पेलाजियानं कोयता चुलीत घातला. पातं लाल होईपर्यंत ती तिथं उकिडवी बसून राहिली. बाहेर काढल्यावर निवू दिलं. तापलेल्या पात्यावर निळं-काळं येतं, ते बघून कुणीही ओळखेल. म्हणून तिनं राख आणि लिंबू घेऊन ते घासलं, इतकं घासलं की बोटांची सालं निघाली. कोयता नव्यासारखा चमकायला लागला. तो तिनं स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवला.

"आता याला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली आणि बुसुटी नेसायला आत गेली. जांभळी, रेशमी, खांद्यावर टोकं निघालेली बुसुटी, तिच्या लग्नातली. गेलासियो पांढरा झगा घालून अंगणात येरझारा घालत होता.

मी कट्ट्यापाशी उभी होते. उघडा कोयता कुणी सणाला नेतं का? दुसऱ्याच्या घरी हत्यार न्यायचं तर हिरव्या पानात गुंडाळून न्यायचं, ही आमची रीत. आईनं मला शिकवलं, मी नकिट्टोला शिकवलं. मी कोयता उचलला, दोन पावलं मागं गेले, स्वयंपाकघराला लागून असलेल्या केळीचं एक पान कापलं, कोयता त्यात गुंडाळला आणि सोपटाच्या दोरीनं बांधला. त्या क्षणी मला काहीसुद्धा वाटलं नाही. हात आपोआप गेला. नऊ दिवस ज्या एका गोष्टीनं जीव टांगणीला लागला होता, ती गोष्ट मी एका पानासाठी विसरले. उलट गाठ छान बसली म्हणून मी खूश झाले.

टेकडीवर पोचलो तेव्हा ढोल सुरू झाले होते. शाळेच्या मागं आयांनी रात्रीच तीन दगडांच्या पंधरा-वीस चुली मांडल्या होत्या. सोललेली केळी पानांत बांधून मोठ्या हंड्यांत वाफेवर चढली होती, शेंगदाण्याची आमटी ढवळली जात होती, धुरानं सगळ्यांचे डोळे लाल. नालोंगो एका हंड्यापाशी बसून सुरीनं केळी सोलत होती. आम्हांला बघून म्हणाली, "आली बाई सणाची आई! कोयत्याला केवढ्या थाटात नेसवलंय!" सगळ्या हसल्या. पेलाजियाही हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

मुली दोन रांगांत उभ्या होत्या, पांढरे झगे, कमरेला पिवळे गोंडे. नकिट्टो पुढं होती. डोक्यावर ठेवायला सालपटाच्या कापडाची चुंबळ तिच्या हातात होती. तिनं आईकडे पाहिलं आणि चटकन नजर खाली घातली, हसू येऊ नये म्हणून.

सणाच्या प्रार्थनेसाठी बिशप आले. लोकांनी आरोळ्या दिल्या. सिस्टर एर्मेलिंडा त्यांना घेऊन बागेत आली, मागं फादर, कावूमा, गावातले म्हातारे. पहिल्या सिस्टरांनी लावलेली ती ओळ अगदी चर्चच्या भिंतीलगत आहे. जाड, काळपट खुंट. प्रत्येकावर टप्पोरा घड. सिस्टरनं एका घडाखाली उभं राहून हात वर केला.

"हा," ती म्हणाली. "याच्यासाठी मी चार महिने थांबलेय."

ढोल थांबले. कोयता द्यायचं काम माझं. मी गाठ सोडली आणि पान उलगडलं.

पानाच्या देठाला, जिथं मी कापलं होतं तिथं, पिवळा चीक गोळा झाला होता. चांगल्या केळीचा चीक पाण्यासारखा असतो. हा दाट होता, पुवासारखा. तो पात्यावरही लागला होता, धारेच्या कडेनं बोटभर.

 दोन गोष्टी एकदम कळल्या. स्वयंपाकघराजवळची केळसुद्धा गेली, म्हणजे वरपासून खालपर्यंत आख्खी बाग गेली. आणि मी काय करून बसले ते.

हे फक्त मला दिसत होतं. पान माझ्या तळहातावर होतं, सगळे माझ्या पाठीमागं. मी अंगठ्यानं पातं पुसलं. हो, पुसलं. पुसल्यानं मर जात नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी पुसलं. मनात आलं, महिना-दोन महिने काही दिसणार नाही. मग दिसलं तर लोक म्हणतील, माश्यांनी आणली. कोण विचारणार आहे? मी कोयता पेलाजियाच्या हातात दिला.

तिनं मूठ आवळली, खांदा सैल केला, पाऊल पुढं टाकलं. एका हातानं खुंटाला आधार दिला. कोयता वर गेला.

"पेलाजिया."

माझाच आवाज. मला तो ओळखू आला नाही.

तिनं हात वरच ठेवून मान वळवली. "काय?"

"पान मी घरचं कापलं," मी म्हणाले. "याच कोयत्यानं. तू आत गेल्यावर."

सगळं ऐकू गेलं असेल ते सिस्टरला. बाकीच्यांना नुसते दोन बायांचे ओठ हलताना दिसले. बिशपांनी वाकून फादरला काहीतरी विचारलं. फादर म्हणाले, "धार बघतायत बहुतेक."

पेलाजियानं माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं हळूच कोयता खाली आणला, अंगापासून लांब, धार आकाशाकडे करून धरला, आणि चालायला लागली. बिशपांच्या समोरून, कावूमाच्या समोरून, मुलींच्या दोन रांगांमधून. लोक बाजूला होत गेले. तिची जांभळी बुसुटी पाचोळ्यावरून सळसळत होती, बाकी काही आवाज नव्हता. ती चुलींपाशी गेली, सगळ्यांत मोठ्या हंड्याखालची लाकडं पायानं सरकवली आणि कोयता विस्तवात खुपसला.

आमच्या गावात त्याचा अर्थ पोराटोरांनाही सांगावा लागत नाही.

एका बाईच्या हातातलं केळं खाली पडलं. मग कुजबूज सुरू झाली, मग ओरडा. "मर! हिच्याकडे मर आहे!" "अन् इथं कोयता घेऊन आली!" "तीनशे पोरींच्या तोंडचं खाणं!" नालोंगोचा आवाज सगळ्यांत वर होता. "हिच्या घरचं काही हंड्यात नको! काढा ते! जाळा!" कुणीतरी आम्ही स्वयंपाकाला आणलेली टोपली विस्तवात उपडी केली. गेलासियो मधे पडला तर त्याला एकानं छातीवर हात ठेवून मागं लोटलं. त्याच्या पांढऱ्या झग्यावर काजळीचा पंजा उमटला.

पेलाजिया हलली नाही. विस्तवाकडे तोंड करून उभी. गालावरून घाम ओघळत होता, आणि तो सगळा घामच नव्हता.

सिस्टर एर्मेलिंडा आली. गमबूट वाजवत, घाई न करता.

"किती खुंट?"

पेलाजियानं गुडघे टेकले. "तीन होते, सिस्टर. आज आणखी एक कळला."

"कधीपासून?"

"नोव्हेनाच्या पहिल्या दिवसापासून."

"नऊ दिवस माझ्या खांद्याला खांदा लावून बसलीस."

"हो."

सिस्टरनं चुलीभोवतीच्या बायांकडे एक नजर टाकली. मला वाटलं, आता हाकलते. मग तिनं विस्तवाकडे पाहिलं. "लाल झाला?"

"झाला."

"मग ऊठ. बिशप उन्हात उभे आहेत."

"तिनं कापायचं म्हणताय?" नालोंगो किंचाळली. "सिस्टर, तिनं?"

"या क्षणी या टेकडीवर एकच हत्यार असं आहे की जे चांगलं आहे हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय," सिस्टर म्हणाली. "बाकीच्यांचं मला काय माहीत?"

पेलाजियानं तो घड उतरवला. एका घावात. पात्यावर निळं-काळं होतं ते सगळ्यांना दिसलं आणि तिनं ते लपवलं नाही. घड नकिट्टोच्या डोक्यावर ठेवताना मायलेकींचे चेहरे वीतभर अंतरावर आले. 

"आजच?" नकिट्टो पुटपुटली. "आई, आजच?"

"मान सरळ ठेव," पेलाजिया म्हणाली.

ढोल वाजले, पण दबकत. आत मिस्सा, सणाची मोठी प्रार्थना, सुरू झाली. आम्ही तिघं आत गेलो नाही, कुणी जा म्हटलं नाही आणि ये म्हटलं नाही. आम्ही चर्चच्या खिडकीबाहेर फणसाखाली उभे राहिलो. अर्पणाची वेळ आली तेव्हा नकिट्टो पुढं निघाली. तो घड मोठ्या माणसाला जड होता. मधेच तिचा पाय अडखळला. पेलाजियानं माझं मनगट धरलं, त्या दिवशी पहिल्यांदाच मला हात लावला, आणि इतकं आवळलं की नखं रुतली. घड डुलला. नकिट्टोनं हात वर नेला नाही, मानेनंच तो सावरला आणि वेदीपर्यंत नाचत गेली. बिशपांनी दोन्ही हातांनी तो उतरवून घेतला.

तेवढ्यात माझी नजर चुलींकडे गेली. बहुतेक आया मिस्सेला गेल्या होत्या. नालोंगो मागं राहिली होती. ती आपल्या हंड्याखाली वाकली होती, जाळ सारखा करत असल्यासारखी. जाळ सारखा करायला सुरी लागत नाही. तिच्या हातातली केळी सोलायची सुरी निखाऱ्यांत मुठीपर्यंत गेलेली होती. तिनं वर पाहिलं आणि तिला मी दिसले. आम्ही दोघी तशाच राहिलो. मला तिच्या कपाळावरचा त्या दिवशीचा घाम आठवला. ती आमच्या बागेत पानं बघायला आली नव्हती आणि चहाडी करायलाही आली नव्हती. आमचीही बाग तिच्या बागेसारखीच झाली आहे का, ते बघायला आली होती.

मी तोंड उघडलं नाही. एका दिवसात एकदाच झालं ते माझ्याच्यानं.

जेवणं झाली. आम्हांला पानावर वाफवलेल्या केळ्यांचे मटोके आणून दिले, ते सिस्टरनं स्वतः. कावूमा येऊन समोर उभा राहिला. त्याला अवघडल्यासारखं झालं होतं, सारखा घसा खाकरत होता. "उद्या सकाळी येतो," म्हणाला. "बारा माणसं घेऊन." गेलासियोनं मान हलवली. पेलाजिया म्हणाली, "मीठ जरा कमी आहे याला," आणि पान चाटूनपुसून खाल्लं. आता पुन्हा कधी मिळणार होतं?

आम्ही निघताना नकिट्टो आली. तिनं आधी माझ्यासमोर आणि मग आईसमोर गुडघे टेकले. मानेवर चुंबळीचा लाल वण उठला होता.

"मुली काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणायचं ते म्हणतात." मग ती आईला म्हणाली, "घड फार जड होता."

"दिसत होतं."

"खाली नाही ठेवला."

पेलाजियानं तिच्या मानेवरचा वण अंगठ्यानं चोळला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी कावूमा बारा माणसं घेऊन आला. अंगणात त्यानं आग पेटवायला सांगितली. प्रत्येकानं आपला कोयता तापवला. मग माणसं बागेच्या तोंडाशी उभी राहिली आणि कुणीच आत जाईना. माझ्या आजोबांनी लावलेली बाग, त्यातल्या कित्येकांनी आमच्याकडचे मुनवे नेऊन आपल्या बागा लावलेल्या.

"पहिला घाव मी घालते," पेलाजिया म्हणाली. "यंदाचा मान माझा आहे."

तिनं स्वयंपाकघराजवळच्या केळीवर घाव घातला. केळ कलंडून आडवी झाली. मग तिनं कोयता माझ्यापुढं धरला. "दुसरा तुमचा, वन्सं." मी घेतला. शेजारच्या केळीवर घातला.

दुपारपर्यंत सगळं आडवं झालं. घराच्या डोक्यावर एवढं आभाळ असतं हे मला माहीत नव्हतं. भिंतींवर ऊन आलं, कुडाची भोकं दिसायला लागली, घर उघडंबोडकं झालं. गेलासियो तोडलेल्या खुंटावर बसून होता. माणसांनी कोयते पुसले, पाणी प्यायले. "झालं," कावूमा म्हणाला. "चला."

"कुठं चाललात?"

कुंपणापाशी नालोंगो उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे. हातात तिची सुरी होती, पातं निळं-काळं, न घासलेलं. तिनं कालचे कपडे बदलले नव्हते.

"माझं फाटक इकडे आहे," ती म्हणाली.

कावूमानं टोपी काढली.  नालोंगो पेलाजियाकडे बघत होती, काल ओरडली तेच तोंड, आता मिटलेलं. मला वाटलं, आता पेलाजिया बोलेल. बोलायचा हक्कच होता तिला, आणि मी असते तर चांगलं सुनावलं असतं.

पेलाजियानं माझ्या हातातला कोयता घेतला आणि विझत आलेल्या आगीपाशी बसली. तीन काटक्या घातल्या, फुंकर मारली, पातं निखाऱ्यात सरकवलं.

"थांब गं जरा, नालोंगो," ती म्हणाली. "तापू दे. मग येते मी."